धाकटीचं लाल पाणी

या सदरातल्या चमत्कारिक अनुभवांच्या गोष्टी मी नियमाने वाचतो, पण खरं सांगायचं तर थट्टा करायला. बायको म्हणते, "विश्वास नाही तर वाचता कशाला?" मी ड्रेनेजच्या कामावर ओव्हरसियर आहे. गटारं, मोऱ्या, पावसाळी नाले, यातच आयुष्य गेलं. उतार असेल तर पाणी वाहतं, नसेल तर तुंबतं — याच्या पलीकडे जगात काही आहे असं मी कधी मानलं नाही. घरातले देव बायकोच्या ताब्यात. अमावास्या मला कॅलेंडरवरून कळते.

तरी लिहायला बसलो आहे. एक घटना माझ्यासमोर घडली, आणि तिचं स्पष्टीकरण त्याच सकाळी, तिथल्या तिथे दिलं गेलं. सगळ्यांनी ते मानलं. विषय मिटला. ते स्पष्टीकरण मी दिलं होतं... आणि ते खोटं आहे हे देतानाच मला माहीत होतं.

आधी जागा सांगतो. नागपुरात महालाकडून इतवारीकडे येताना जी जुनी वस्ती लागते, तिथे आमची कोष्ट्यांची गल्ली. नाव लिहीत नाही, अजून ओळखीचे लोक तिथे राहतात. या वस्तीच्या मधून एक ओढा जायचा आणि पुढे नाग नदीला मिळायचा. सरकारी नकाशात तो नुसता 'नाला'. आमच्याकडच्या बायका मात्र त्याला 'धाकटी' म्हणत. नाग नदी थोरली, ही धाकटी. भोसल्यांच्या काळात कधीतरी दोन्ही अंगांनी दगडी भिंती बांधल्या होत्या, त्यामुळे धाकटी अगदी सरळ रेषेत वाहायची. एका जागी पाण्यात उतरायला पायऱ्या होत्या. रंगारी त्या पायऱ्यांवर बसून रंगवलेल्या सुताच्या लड्या धुवायचे. सूत एकदा धुऊन भागत नाही. पहिल्या पाण्यात रंग भसाभस सुटतो, दुसऱ्यात पातळ होतो, तिसऱ्यात नुसती झाक उरते, आणि मग पाणी नितळ जातं. आम्ही पोरं खालच्या अंगाला डुंबत असू. निळे होऊन घरी गेलो की आई ओरडायची, पिवळे होऊन गेलो की हसायची.

ही धाकटी आम्हीच झाकून घेतली. हल्ली लोक सांगतात की सरकारने झाकली. तसं नाही. विणकराला ताणा, म्हणजे उभे धागे, मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावावी लागते. अख्खा ताणा उघड्यावर ताणायचा, दोन्ही बाजूंनी माणसांनी कुंचे फिरवत जायचं, आणि ऊन तापायच्या आत तो वाळवायचा. याला पाजणी म्हणतात. पाजणीला लांबच लांब सरळ जागा लागते आणि आमच्या गल्ल्या म्हणजे गुंता झालेला दोरा. सगळ्या वस्तीत सरळ असं एकच होतं — धाकटी. तेव्हा सगळ्यांच्या मनाने घेतलं की हिच्यावर फरशा टाकल्या तर पाजणीला जागाच जागा. साठीच्या दशकात, मी नुकताच नोकरीला लागलो असताना, फरशा पडल्या. गुलाल उधळला. सूत धुवायला काय, नळ येतीलच, असं जो तो म्हणत होता. नळ आले. नळाला पाणी यायचं तेवढं राहिलं.

फरशीखालचं दिसत नाही म्हटल्यावर प्रत्येकाने आपली मोरी आत सोडली. दहा वर्षांत धाकटीचं काय झालं ते मी सांगायला नको. नोकरीच्या निमित्ताने मी त्या भुयारात उतरलेलो आहे.

जगन माझ्या बरोबरीचा, रंगाऱ्याचा मुलगा. त्याचा रंगखाना धाकटीच्या काठाला, पायऱ्यांच्या थोडा वर. सगळ्या वस्तीत तोच एकटा म्हणत राहिला की फरशा काढा. लोकांनी त्याची चेष्टा लावली होती.

"जगन्या, तुझी धाकटी सासरी गेली बे! रडतं काहून?"

"सासरी गेली असती तर सणाले माहेरी आली असती ना गा," जगन म्हणायचा. "तुम्ही तर तिले पुरूनच टाकलं."

मला तो एकदा एकटा असताना म्हणाला, "नळाच्या पाण्यात रंग मुका होते. बादलीत सूत बुचकळतो अन् तोच रंग त्याच्यावरच परत बसते. माझा बाप असा धंदा करत नव्हता. मरायच्या आधी एक डाव तरी मले वाहत्या पाण्यात लडी सोडायची आहे. बस. बाकी काही नाही."

हे त्याला किती मनापासून हवं होतं ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. आणि ते होईलसं दिसायला लागलं ते ऐंशी साल उलटल्यावर. पावसाळ्यात भुयार तुंबून फरशांच्या फटींतून घाण वर यायला लागली होती. नवीन साहेब आले होते, पुण्याकडचे, उत्साही. गाळ काढायचाच आहे तर पायऱ्यांजवळचा तुकडा उघडाच ठेवून पाहू, मोऱ्या वेगळ्या नळातून नेऊ, जुन्या शहराच्या मधोमध वाहतं पाणी असलं तर कोणाला नको आहे — असं ते म्हणाले. जगनने त्यांना घरी नेऊन चहा पाजला. काम माझ्याकडे आलं.

इकडे माझा थोरला भाऊ. वडिलांच्या मागे मागावर तोच बसला, म्हणून मी शिकलो. तो जेवता जेवता म्हणाला, "फरशा उचल तू. अन् पाजणी काय तुझ्या साहेबाच्या डोक्यावर करू?"

"एकच तुकडा आहे, दादा."

"आज तुकडा. उद्या अख्खी. तू कोष्टी आहेस का रंगारी, ते एकदा ठरव."

वहिनी म्हणाली, "जेवू तर द्या त्यांना." तो विषय तिथेच थांबला, पण मनातून गेला नाही.

काम माघात सुरू केलं. तेव्हा पावसाचा थेंब नसतो. वरच्या अंगाला वाळूच्या पोत्यांचा बांध घातला आणि येणारं सगळं सांडपाणी पाइपातून दुसऱ्या नाल्यात वळवलं. पायऱ्यांपर्यंतच्या घरांच्या मोऱ्याही दुसरीकडे वळवल्या. हे मी स्वतः उभं राहून करून घेतलं, आणि हा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्या बांधाच्या खाली पाणी येण्याचा एकच मार्ग उरला होता, जगनच्या रंगखान्याची मोरी. त्याला मी सांगून ठेवलं होतं, "काम होईपर्यंत हौद सोडू नको."

"नाही सोडत गा," तो म्हणाला. "माझ्याच लग्नात मी चिखल करीन का?"

मधले दिवस गेले. गाळ सुकावा म्हणून बांधापासून जगनच्या मोरीच्या थोडं खालपर्यंतच्या फरशा आधीच उचलल्या. आतला गाळ सुकून त्याला भेगा पडल्या.

ज्या सकाळी पायऱ्यांवरची फरशी उचलायची होती, त्या सकाळी मी चहाला जगनकडेच थांबलो. त्याच्याकडे लग्नसराईचं काम होतं, हिरव्या लुगड्यांचं सूत. हौद हिरवा, वाळत टाकलेल्या लड्या हिरव्या, जगनचे हात कोपरापर्यंत हिरवे. त्याने हातसुद्धा धुतले नाहीत. तसाच माझ्या पुढे पळत सुटला.

गल्लीत आलो तर दादाने आणि इतरांनी उरलेल्या फरशांवर ताणा ताणून ठेवलेला. पांढराशुभ्र, गल्लीच्या टोकापर्यंत. दादा कुंचा हातात घेऊन उभा. माझ्याकडे बघत नव्हता. साहेब खुर्चीवर. बायका दारांत. मजुरांनी तोंडाला फडकी बांधली, कारण वास काय येणार ते सगळ्यांना माहीत होतं. पहारी घातल्या, फरशी कलली...

वास आला नाही.

म्हणजे वास आला, पण तो नाही. गार, ओल्या दगडाचा वास. आणि त्याच्यामागून दुसरा, उकळलेल्या मुळ्यांचा, किंचित तुरट. तो वास माझ्या नाकाला ओळखीचा होता पण मेंदूला आठवेना. मग आठवला. आम्ही अगदी लहान असताना जगनचा आजा आल नावाच्या झाडाच्या मुळ्या उकळून लाल रंग काढायचा. डब्यातली तयार रंगाची पूड आली आणि ते सगळं बंद झालं. त्यानंतर तो वास मी कधी घेतलेला नव्हता.

आणि मग आवाज. पाणी दगडाला घासून जाताना करतं तो.

फरशी बाजूला झाली. खाली धाकटी वाहत होती.

लाल. मला हे नीट सांगता येणार नाही. रक्तासारखी म्हणू नका, रक्त असं नसतं. आतून उजेड असल्यासारखा लाल, गडद, आणि तरीही पाणी गढूळ नव्हतं. काठोकाठ नाही, पायऱ्यांच्या मध्यापर्यंत. वेग असा की कुठेतरी वरून मोकळं येत आहे. एवढी माणसं होती, पण नुसतं पाणी ऐकू येत होतं. एका मजुराने आपोआप चपला काढल्या. मग दुसऱ्याने काढल्या.

मी काय केलं सांगतो. मी पळालो. वर, बांधाकडे. माझ्या डोक्यात एकच — बांध फुटला, नोकरी गेली. धावत जाऊन पाहतो तर पोती जशीच्या तशी. वरचं सांडपाणी निमूट पाइपात जात होतं. आणि बांधाच्या खालच्या बाजूला, कोरड्या पात्रात, एक कुत्रं वेटोळं करून झोपलं होतं. त्याच्या अंगाखाली धूळ होती. मी खडा मारला तेव्हा ते उठलं, अंग झटकलं, धूळ उडाली... आणि कंटाळून निघून गेलं.

तिथून पायऱ्यांपर्यंत मी पात्राच्या कडेकडेने आलो. जगनची मोरी वाटेतच होती. मोरीच्या तोंडाला बोळा होता, त्यावर कोळ्याचं जाळं. त्या मोरीच्या खालीही भेगा पडलेला गाळ. पाणी कुठे सुरू होतं ते मला दिसायला हवं होतं. फरशी असलेल्या भागाच्या तोंडाशी वाकून मी आत पाहिलं. जवळ कोरडं होतं. पुढे, अंधारात, ओलं चमकत होतं. मधली जागा मला दिसली नाही. खरं तर मी आत गेलो नाही. टॉर्च खिशात होता. मी गेलो नाही.

परत पायऱ्यांजवळ आलो तेव्हा रंग बदलला होता. पातळ झाला होता, जास्वंदीच्या पाकळीसारखा. थोड्या वेळाने आणखी पातळ, नुसती गुलाबी झाक. आमच्या वस्तीतल्या कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पहिलं पाणी, दुसरं पाणी, तिसरं पाणी. वर कोणीतरी सूत धूत होतं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "वं माय... कोण बसलं आहे वं वर?" आणि मग पाणी नितळ झालं. इतकं की खालची पायरी दिसली, तिच्यावरची वरवंट्याने घासल्यासारखी झिजलेली जागा दिसली, जिथे पिढ्यान्‌पिढ्या लड्या आपटल्या होत्या. पांढरे गोटे दिसले. मी लहानपणी ज्या पाण्यात डुंबलो तेच पाणी, आमच्या गल्लीच्या मधोमध.

जगन शेवटच्या कोरड्या पायरीवर बसला होता. पाण्याला हात लावत नव्हता. नुसता पाहत होता.

तोवर कोणीतरी हळद-कुंकू आणलं होतं. नारळ फोडल्याचा आवाज झाला. दादाने कुंचा खाली ठेवून हात जोडले होते. साहेब उठून माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उतरला होता. हळू आवाजात म्हणाले, "दुपारपर्यंत इथे देऊळ उभं राहील. मग माझं काम संपलं. मला कारण सांगा. आत्ता. काहीतरी कारण असेलच ना?"

मी त्यांना कुत्रं सांगू शकलो असतो. कोळ्याचं जाळं सांगू शकलो असतो. "मला माहीत नाही, साहेब," एवढंच म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मी ओव्हरसियर. बांध मी घातलेला. सगळे माझ्याकडे बघत होते, दादासुद्धा. आणि मी घाबरलो होतो — हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. पाण्याला नाही घाबरलो. हे असं असू शकतं, याला घाबरलो. मी म्हणालो,

"जगनच्या हौदातलं असेल, साहेब. मोरीतून सुटलं असेल."

म्हणालो आणि जगनकडे पाहिलं. त्याने मान वर केली. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. कोपरापर्यंत हिरवे. एवढ्या माणसांतून एकाच्याही लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल आणि कोणाला बोलायचं नसेल.

साहेबांनी विचारलं, "हे तुमचं आहे का?"

जगनने पुन्हा पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो साहेब. माझंच."

बस. गर्दीतून हवा गेल्यासारखं झालं. कोणीतरी हसलं, "घ्या, जगन्याचा रंग निघाला!" ज्याने नारळ फोडला होता तो खोबरं वाटायला लागला. मी पुन्हा खाली पाहिलं तेव्हा पाणी नव्हतं. पायऱ्या ओल्या होत्या, त्या उन्हात हळूहळू वाळल्या.

पुढचं थोडक्यात. काम चालू असताना मोरी सोडली म्हणून रंगखाना बंद करायचा हुकूम वरून आला. ओढा उघडा ठेवला तर सगळे त्यात रंगच सोडतील, असं ठरलं. फरशा परत बसवल्या, त्याही माझ्याच देखरेखीखाली. दादाला पाजणीची जागा राहिली. ती त्याने तीन-चार वर्षं वापरली असेल. मग माग विकले, आज तिथे स्कूटरी उभ्या असतात. जगनने रंगाच्या कढया मोडीत घातल्या. तो जरीपटक्याला एका साड्यांच्या दुकानात लागला. रस्त्यात भेटायचा, बोलायचा, पोरांची चौकशी करायचा. त्या सकाळचा शब्द नाही. मी समजत होतो, त्याने मला वाचवलं. मी खोटा पडू नये म्हणून सगळं अंगावर घेतलं. या विचाराने मला किती वर्षं नीट जेवण गेलं नाही ते बायकोला माहीत आहे; का गेलं नाही, ते तिला माहीत नाही.

गेल्या महिन्यात दादा गेला. तेराव्यानंतर मी सरळ जरीपटक्याला गेलो. दुपारी गिऱ्हाईक नसतं. जगन गादीवर बसून साड्यांच्या घड्या घालत होता. मी सगळं सांगितलं. बांध, कुत्रं, जाळं, टॉर्च खिशात असताना आत गेलो नाही ते. आणि म्हणालो, "मी तुझं वाटोळं केलं. आणि तू मला वाचवलंस."

तो हसला, खरोखर हसला.

"तुले वाटलं मी तुझ्यासाठी हो म्हटलं? तुझ्यासाठी काहून म्हणीन गा? तू माझा कोण, जावई?"



"माझ्या आज्यानं लाल काढला," तो म्हणाला. "बापानं काढला. मी काढला, पुडीचा का होईना. तसा कोणाच्याच हातून निघाला नाही. मी त्या पायरीवर बसून तेच पाहून राहिलो होतो, का हे कसं जमलं, कोणाले जमलं. अन् तेवढ्यात तू म्हटलं का हा जगनचा. भर गल्लीत. साहेब विचारून राहिला, तुझा आहे का? आता मी नाही म्हणू? येडा आहे का मी?"

"पण धाकटी उघडली असती रे..."

त्याने हातातली घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "ते समजलं मले. घरी गेल्यावर. हात धुताना."

एक बाई दुकानात शिरली. तो लगेच उठला. "या वं ताई, बसा. कोणत्या रंगात दाखवू?" तिला दाखवता दाखवता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू लिहून-बिहून राहिला असशील कुठी, तर लिही. माझी ना नाही. फक्त थो माझा नव्हता, असं नको लिहू."

एवढंच त्याने मागितलं. तेही मी पाळलं नाही. त्याच्याबाबतीत एकदा खोटं बोलून झालं आहे, पुन्हा बोलवेना. निदान इथे त्याचं नाव वेगळं लिहिलं आहे, म्हणजे वस्तीत ज्यांना वाटतं की तो रंग त्याचा होता, त्यांना तसं वाटत राहील.

बाकी सगळं घडलं तसं लिहिलं. ते पाणी कुठून आलं मला माहीत नाही. कोणाचं होतं, तेही नाही.